मॉरिशस, सात रात्री, गाडी आपली आणि जेवण तिथलं: कसं आखायचं ते सविस्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. दिवाळीच्या सुट्टीत सात रात्री मॉरिशस, तुम्ही दोघं, आठ वर्षांची लेक आणि सत्तरीच्या सासूबाई, त्या शुद्ध शाकाहारी, तुम्ही तिघं मासे खाणारे. एजंटने जो प्लॅन दिलाय त्यात नॉर्थ टूर, साउथ टूर, इल ओ सेर्फ बेट, डॉल्फिन असं सगळं ठासून भरलंय, रोज सकाळी आठला बसमधे बसायचं आणि रोज रात्री इंडियन रेस्टॉरंट. आणि तुम्हाला हवाय आराम, स्वतः गाडी चालवून छान रस्त्यांनी फिरणं आणि तिथे लोक जे खातात ते खाणं.

मी बरीच वर्षं लोकांना मॉरिशसच्या घरगुती ट्रिप्स आखून देते, त्यामुळे पहिलं स्पष्टच सांगते, हा एजंटचा प्लॅन फाडून टाका. तो वाईट माणसाने केलेला नाही, पण तो हॉटेल कुठे स्वस्त मिळालं त्यावरून केलाय. मॉरिशस उलट्या बाजूने आखायचं असतं. आधी वारा कुठून येतो ते बघायचं आणि मुक्काम ठरवायचा, मग दुपारचं जेवण कुठे ते ठरवायचं आणि त्यावरून त्या दिवसाचा रस्ता. हे दोन जमले की बाकी सगळं आपोआप बसतं.

वाऱ्याचं असं आहे. बेटावर वर्षातला बराच काळ आग्नेयेकडून वारा येतो, मे ते सप्टेंबर म्हणजे तिथल्या हिवाळ्यात तर जास्तच. पूर्व किनारा, बेल मारचा तो लांबलचक पांढरा बीच, फोटोत स्वर्ग दिसतो पण जुलै-ऑगस्टमधे तिथे टॉवेल पसरला की तोंडात वाळू जाते. पश्चिम किनारा मधल्या डोंगरांच्या आडोशाला येतो. पाऊसही तसाच वाटला जातो, मधल्या पठारावर वर्षाला ४००० मिमीच्या आसपास, पूर्वेला साधारण १४००, आणि पश्चिमेला फक्त ९०० च्या आतबाहेर. म्हणजे पठारावरच्या क्युरपीपला लोक छत्री घेऊन फिरत असतात आणि वीस-पंचवीस किलोमीटरवर पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक-आँ-फ्लाकला कडक ऊन, हे एकाच दुपारी होतं. तुम्ही जाताय तो ऑक्टोबर-नोव्हेंबरचा काळ सगळ्यात चांगला, वारा मंदावलेला, पाऊस सगळ्यात कमी, पाणी कोमट व्हायला लागलेलं, आणि वादळांचा सीझन नोव्हेंबरपासून मोजतात तरी त्यांचा जोर साधारण जानेवारी ते मार्चमधे म्हणजे अजून लांब. शिवाय रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गुलमोहर फुललेला आणि कोपऱ्याकोपऱ्यावर लिचीच्या जुड्या. आपल्याकडे गुलमोहर मे महिन्यात, तिथे नोव्हेंबर-डिसेंबरमधे, लेकीला हे दाखवा आणि का ते विचारा, दक्षिण गोलार्ध एका झाडावरून समजतो.

तर मुक्काम दोनच. पाच रात्री पश्चिमेला, शेवटच्या दोन आग्नेयेला ब्लू बे किंवा माहेबूरच्या आसपास, विमानतळाजवळ. रोज बॅगा उचलायच्या नाहीत. पश्चिमेला पण फ्लिक-आँ-फ्लाक की त्याच्या खाली तामारँ, ब्लॅक रिव्हर, ला गोलेत हा पट्टा, हा प्रश्न येतो. फ्लिक-आँ-फ्लाकला बीच मोठा, चालत जाण्यासारखी दुकानं, खाण्याच्या गाड्या, सुपरमार्केट, सासूबाई आणि लेक असताना मी तेच सांगीन. फक्त दोघंच असते तर ला गोलेत सांगितलं असतं, गाव शांत, समोर लगून म्हणजे प्रवाळाच्या कठड्याआडचं उथळ शांत पाणी, मागे डोंगर, पण पोहायला चांगला बीच तिथे दारात नाही, गाडी काढावी लागते. उत्तरेचं ग्राँ बे मी आरामाच्या ट्रिपला देत नाही. तिथे मजा आहे, गर्दी आहे, पण तुम्हाला ज्या रस्त्यांवरून फिरायचंय ते सगळे दक्षिणेला आणि नैऋत्येला आहेत आणि रोज पोर्ट लुईसच्या ट्रॅफिकमधून जाणं म्हणजे अर्धा दिवस गेला.

हॉटेल घेताना फक्त नाश्ता घ्या. ऑल इन्क्लुझिव्ह घेतलं की काय होतं, पैसे भरलेत म्हणून दुपारी एकला परत यायची घाई होते आणि बाहेरचं काहीच खाल्लं जात नाही. किंवा त्याहून चांगलं, किचन असलेला अपार्टमेंट, सासूबाईंना सकाळचा चहा त्यांच्या हातचा मिळाला की त्यांचा दिवस चांगला जातो आणि मग सगळ्यांचाच.

आता गाडी. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे आपल्या लोकांना पहिल्या दिवसापासून जमतं. लायसन्स इंग्लिशमधलं ठेवाच, आणि निघण्याआधी आरटीओतून इंटरनॅशनल परमिटही काढून घ्या, भाड्याच्या काउंटरवर वाद नको. ऑटोमॅटिक छोटी गाडी आधी बुक करा, सुट्टीच्या दिवसात ऑटोमॅटिक संपतात आणि मग घाटात क्लचशी झगडत बसावं लागतं. लेकीसाठी बूस्टर सीट बुकिंगमधेच लिहा. क्रेडिट कार्डवर डिपॉझिट ब्लॉक होतं, डेबिट कार्ड बरेच जण घेत नाहीत, आणि विम्यात तुमच्यावर किती रक्कम राहते ते कागदावर वाचूनच सही करा. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी, टायरसकट, मोबाईलवर व्हिडिओ काढा. पेट्रोलचा भाव सरकार ठरवतं आणि तो बेटभर सारखाच असतो, त्यामुळे स्वस्त पंप शोधत फिरायची गरज नाही.

एक सांगते ते मात्र ऐका, उतरल्या दिवशी गाडी घेऊ नका. मुंबईहून थेट विमान सहा तासांच्या आसपास, त्याआधी रात्रभर जागरण, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, आणि विमानतळ ते फ्लिक-आँ-फ्लाक ४५ किमी. टॅक्सीने जा, झोपा, संध्याकाळी बीचवर पाय भिजवा आणि गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलवर मागवा. बहुतेक भाडेवाले आणून देतात.

रस्त्यांचा अंदाज येण्यासाठी, अख्खं बेट साधारण ६५ किमी लांब आणि ४५ किमी रुंद. नकाशावर बघून वाटतं एका दिवसात चक्कर मारू. मारता येते, पण मग तो एजंटचाच प्लॅन झाला. मोटरवेवर ताशी ११० ची मर्यादा असली तरी तुमचे रस्ते मोटरवे नाहीत, गावातून जाणारे अरुंद, कडेला फूटपाथ नाही, उसाच्या भिंतीमधून वळणारे, मधेच बस थांबलेली. ताशी सरासरी ३५-४० धरा. स्पीड कॅमेरे खूप आहेत आणि गावात मर्यादा एकदम खाली येते. राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तिथे सगळे हा नियम खरंच पाळतात, आपल्यासारखं नाक घालायचं नाही. उसाची तोडणी जूनपासून डिसेंबरपर्यंत चालते म्हणजे तुम्हाला उसाचे ट्रक आणि ट्रॅक्टर भेटणारच, ओव्हरटेकची घाई करू नका. आणि अंधार पडायच्या आत परत, नोव्हेंबरमधे साडेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि दक्षिणेच्या किनारी रस्त्यावर दिवे कमी, कुत्री आणि सायकली जास्त.

रोज गाडी काढू नका हेही आलंच. सात रात्रींत लांब ड्राइव्ह तीन, बास. मधले दिवस पाण्यात.

पहिला ड्राइव्ह किनाऱ्याचा आणि मॉरिशसमधला माझा सगळ्यात आवडता. फ्लिक-आँ-फ्लाकहून नऊला निघा, दक्षिणेकडे तामारँ, ब्लॅक रिव्हर, ला गोलेत, उजवीकडे समुद्र येतो-जातो आणि समोर ल मॉर्नचा तो ५५६ मीटरचा काळा कडा हळूहळू मोठा होत जातो. पळून आलेले गुलाम या डोंगरात लपून राहायचे, २००८ मधे युनेस्कोने त्याला जागतिक वारसा केलं ते या इतिहासासाठी, फक्त देखाव्यासाठी नाही. तिथले लोक सांगतात की १८३५ मधे गुलामगिरी संपली हे सांगायला शिपाई वर चढले, तर पकडायला आले असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या. १ फेब्रुवारीला देशभर सुट्टी असते ती गुलामगिरी रद्द झाल्याची. लेक आठ वर्षांची आहे, तिला समजेल एवढं सांगा. पायथ्याच्या पब्लिक बीचवर तास-दीड तास थांबा, सुरूची झाडं आहेत, सावलीत सासूबाईंना चटई टाकून द्या. काइटसर्फिंगवाल्यांच्या बाजूला मात्र पोहायला जाऊ नका, तिथे वारा आणि ओढ दोन्ही जोरात असतात.

मॉर्न वळून पुढे गेलं की रस्ता अक्षरशः पाण्याच्या काठाने जातो, एका बाजूला घरांची अंगणं, दुसऱ्या बाजूला लगून, कुठे कोणी गुडघाभर पाण्यात उभं राहून ऑक्टोपस शोधतंय. मग माकोंदेचं वळण येतं, काळ्या दगडाला वळसा घालून रस्ता चढतो-उतरतो, पुढेच थोडी पार्किंगची जागा आहे, गाडी लावून पायऱ्यांनी वर जा. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना खालीच बसू दे, खालूनही सुंदर दिसतं. शेजारचं बे द्यु काप म्हणजे जिथे १८०३ च्या डिसेंबरमधे मॅथ्यू फ्लिंडर्स हा ऑस्ट्रेलियाचा किनारा आखणारा दर्यावर्दी जहाजाची दुरुस्ती करायला उतरला आणि फ्रेंचांनी त्याला १८१० पर्यंत बेटावर अडकवून ठेवलं, तिथे स्मारक आहे. नंतर बेल ओम्ब्र, आणि तिथून सुयाकचं ग्री ग्री. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाचा कठडा आहे म्हणून लगून शांत असतं, ग्री ग्रीला तो तुटलाय, त्यामुळे हिंद महासागर सरळ कड्यावर आपटतो. बघायचं, आवाज ऐकायचा, पाण्यात उतरायचं नाही, कोणी स्थानिक मुलं उतरली असली तरी नाही. परत येताना त्याच रस्त्याने या. लोकांना वाटतं तोच रस्ता कशाला, पण दुपारी चारचं ऊन मॉर्नवर पडतं तेव्हा सकाळचा डोंगर ओळखू येत नाही.

त्या दिवशीचं जेवण सुयाकमधे किंवा वाटेतल्या कुठल्याही साध्या घरगुती हॉटेलात, साडेबारापर्यंत बसा. तुम्ही ऑक्टोपसची करी किंवा विंदाय घ्या, विंदाय म्हणजे तळलेला मासा मोहरी, हळद, लसूण, व्हिनेगरमधे मुरवलेला, आंबट आणि पिवळाधमक, गार खातात आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. सासूबाईंसाठी भात, डाळ, आणि 'ब्रेद' मागा. ब्रेद म्हणजे पालेभाजी, आणि इथे त्या खूष होतील कारण ब्रेद मुरूम म्हणजे शेवग्याचा पाला आणि ब्रेद सोंज म्हणजे अळू. लसूण घालून परततात किंवा पातळ रस्सा करतात. बरोबर भाज्यांचं आचार म्हणजे लोणचं आणि टोमॅटोचा रुगाय म्हणजे दाट रस्सा. आधी एवढंच विचारा की रश्श्यात सुकी कोळंबी टाकलीय का, काही घरांत टाकतात.

शाकाहाराचं वाक्य पाठ करून ठेवा, तिथल्या क्रेओल भाषेत 'सां लाव्यान, सां प्वासों, सां दिझेफ', म्हणजे मटण-चिकन नको, मासे नको, अंडं नको. मॉरिशसमधे हिंदू लोकसंख्या मोठी, उपवासाचे दिवस लोकांना माहीत असतात, त्यामुळे शाकाहारी म्हटलं की कोणी तोंड वाकडं करत नाही. फक्त मुसाफिरांसाठीच्या भपकेदार रेस्टॉरंटपेक्षा रस्त्यावरच्या गाडीवर शाकाहारी माणसाची जास्त चंगळ असते हे लक्षात ठेवा.

आणि त्यातलं पहिलं नाव दाल पुरी. पुरणपोळीतून गूळ काढून हळद-जिरं घातलं तर जे होईल ते, पण इतकी पातळ आणि मऊ की हातात धरली तर लोंबते. शिजवलेली पिवळी डाळ कोरडी वाटून आत भरलेली असते, चांगल्या पुरीत ती कुठेच गोळा होत नाही. गाडीवर काचेची पेटी असते, आत कापडात गुंडाळून पुऱ्यांची चळत, वाफ जाऊ नये म्हणून कापड परत परत झाकतात. मागताना 'एन पेर' म्हणायचं, कारण ती जोडीनेच देतात. बाई दोन पुऱ्या एकमेकींवर थोड्या सरकवून ठेवते, त्यावर मोठ्या पांढऱ्या वालाच्या दाण्यांची करी, मग रुगाय, मग आचार, आणि तिखट विचारते. इथे 'तिपे' म्हणजे थोडंसं म्हणा, त्यांची मिरची आपल्यालाही घाम आणते. मग दोन घड्यांत गुंडाळून कागदात, आणि उभ्यानेच खायचं, कोपरावर ओघळ आला तरी चालतो. सकाळपासून मिळते आणि दुपारी एक-दीडला चांगल्या गाड्या संपतात, म्हणून मी जेवणावरून रस्ता ठरवा म्हणते, तीनला पोचलात तर रिकामी पेटी.

सकाळच्या नाश्त्याला गातो पिमां, वाटल्या डाळीत कांद्याची पात, कोथिंबीर, मिरची घालून तळलेले छोटे वडे, बटर लावलेल्या गरम पावात चार-पाच दाबून. लेकीला हे नक्की आवडणार. सासूबाईंना पण चालतं, फक्त त्याच कढईत दुसरं काही तळत नाहीत ना ते बघा, शेजारी सामोसे असतात आणि त्यात कधी मासे असतात. दुपारी उन्हातून आलात की आलुदा, दूध, सब्जा, चायना ग्रासचे तुकडे, बर्फ. बीचवर अननस, छोटा व्हिक्टोरिया अननस, देठ धरून आईसक्रीमसारखा कापून देतात, वर तिखट-मीठ किंवा चिंचेचं पाणी लावून घ्या, साधा खाऊ नका. चिनी लोकांनी दिलेलं पण विसरू नका, मीन फ्री म्हणजे परतलेल्या नूडल्स, बुलेत म्हणजे रश्श्यातले वाफवलेले गोळे, त्यात शूशू नावाच्या फळभाजीचे गोळे असतात पण त्यातही बहुतेक वेळा कोळंबी असते त्यामुळे ते तुमच्यासाठी, आणि बोल रांव्हर्से, वाडग्यात खाली अंडं, वर चिकन-भाज्या, वर भात आणि मग ते ताटात पालथं करतात, लहान मुलांसमोर पालथं करतात तेव्हा बघण्यासारखी मजा असते.

दुसरा ड्राइव्ह डोंगराचा. ला गोलेतच्या आधी काझ नोयालहून डावीकडे घाट चढतो तो शामारेलला. चढ तीव्र, वळणं आवळलेली, पहिला-दुसरा गिअर, पण अंतर थोडं. मधे थांबायला जागा आहे तिथे थांबाच, खाली लगूनचे निळ्याचे चार-पाच थर आणि बेनितिये बेट दिसतं. शामारेलचा धबधबा आणि सप्तरंगी माती एकाच आवारात आहे, सकाळी लवकर जा, तिरप्या उन्हात रंग उठून दिसतात आणि बसवाले अकराला येतात. ज्वालामुखीचा काळा दगड झिजून माती झाली, त्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम वेगवेगळं साठून लाल, तपकिरी, जांभळट पट्टे झाले. खरं सांगायचं तर फोटोंपेक्षा लहान आहे, अर्धा तास पुरतो. लेकीला तिथली मोठी कासवं जास्त आवडतील.

जेवण शामारेल गावातच घ्या, हे नीट करा. घरांतून ताब्ल दोत चालवतात, म्हणजे घरच्या अंगणात ठरलेलं जेवण, केळीच्या पानावर किंवा साध्या ताटात, चिकन, हरण, ऑक्टोपस, पाममधल्या कोवळ्या गाभ्याचं सॅलड, शेवटी घरचं रम आणि शामारेलची कॉफी. आदल्या दिवशी फोन करून चार जण आणि त्यातलं एक शाकाहारी असं सांगा, मग सासूबाईंसाठी वेगळं केलेलं असतं. चालवणाऱ्याने रम घ्यायचा नाही, बाटली घरी आणा.

पुढे रस्ता प्लेन शांपान्यच्या जंगलातून जातो, हवा एकदम गार, स्वेटर हवाच. ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या व्ह्यूपॉइंटवर ढग असले तर दहा मिनिटं थांबा, उघडतात. मग ग्राँ बासँ म्हणजे गंगा तलाव. रस्त्याच्या कडेला ३३ मीटरची म्हणजे १०८ फुटांची शंकराची उभी मूर्ती, तळ्याकाठी देवळं, सासूबाईंना इथे घाई करू नका, त्यांना बसू द्या. माकडं प्रसाद हिसकावतात, पिशवी बंद ठेवा. महाशिवरात्रीला अख्ख्या बेटावरून लोक कावडी घेऊन चालत इथे येतात, त्या दिवसांत या रस्त्यांवर गाडी काढायचीच नसते, नोव्हेंबरमधे तो प्रश्न नाही. तिथून दहा-पंधरा मिनिटांवर ब्वा शेरीचा चहाचा मळा, १८९२ पासूनचा, कारखाना चालू बघायचा तर कामाच्या दिवशी सकाळी जावं लागतं, तुम्ही दुपारी पोचाल तर वरच्या टेकडीवर बसून व्हॅनिला चहा प्या आणि समोर मळ्यांपलीकडे समुद्र बघा. परत येताना क्युरपीप-वाक्वामार्गे मोठ्या रस्त्याने, घाट परत उतरू नका, ब्रेक आणि माणूस दोन्ही दमलेले असतात.

तिसरा ड्राइव्ह म्हणजे मुक्काम बदलण्याचा दिवस, आणि इथेच मी बेटाचा उत्तर भाग बसवते. फ्लिक-आँ-फ्लाकहून सकाळी ऑफिसची गर्दी ओसरली की साडेनऊनंतर निघा, पोर्ट लुईसचा आप्रवासी घाट. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख मजूर भारतातून इथे उतरले, त्या दगडी पायऱ्या अजून आहेत, २००६ पासून जागतिक वारसा. जास्त लोक बिहार-उत्तर प्रदेशकडचे, पण मुंबई बंदरातून कोकणातलेही आले आणि त्यांचे वंशज आज तिथले मराठी. घरी बहुतेक क्रेओल बोलतात, पण शाळेत मराठी विषय आहे, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी आहे, आणि गणपतीत झाकरी नाचतात, म्हणजे आपल्या कोकणातली जाखडी, दीडशे वर्षांहून जास्त काळ जपलेली. तुमच्या फ्लिक-आँ-फ्लाकच्या मुक्कामापासून अगदी जवळ कास्कावेल हे मराठी वस्तीचं गाव आहे, एखाद्या संध्याकाळी तिथल्या देवळात जा, नमस्कार करा आणि हळू मराठीत बोला. म्हातारी माणसं उत्तर देतात, आणि सासूबाईंना ही भेट बाकी सगळ्या ट्रिपपेक्षा जास्त लक्षात राहील असं मला वाटतं. २ नोव्हेंबरला, मजूर आल्याच्या दिवसाची देशभर सुट्टी असते, दिवाळीचीही असते, तुमच्या तारखांत येतंय का बघा, त्या दिवशी दुकानं बंद पण दिवाळीच्या संध्याकाळी गावागावांत घरं दिव्यांनी सजवलेली असतात, त्रिओलेकडे तर लोक मुद्दाम बघायला जातात.

घाटावरून चालत सेंट्रल मार्केट, तिथे आलुदा आणि दाल पुरी, मग पाम्प्लमूसची बाग, दुपारच्या सावलीत, पाण्यावर परातीएवढी कमळाची पानं. बागेशेजारी जुन्या साखर कारखान्याचं म्युझियम आहे, आत साखरेची पूर्ण कथा आणि शेवटी वेगवेगळ्या साखरा चाखायला देतात, पण ते नीट बघायला दोन तास लागतात, लेक कंटाळली असेल तर सोडा. काप मालरचं लाल छपराचं चर्च या दिवशी करू नका, लांब पडतं. पाम्प्लमूसहून पूर्वेच्या रस्त्याने खाली माहेबूरला या, ऊस आणि गावं, शेवटी समुद्र आणि मागे लायन माउंटन.

शेवटच्या दोन दिवसांत ब्लू बेच्या मरीन पार्कमधे काचेच्या तळाची बोट घ्या, सासूबाईंना पाय न भिजवता प्रवाळ आणि मासे दिसतात. पाण्यात उतरताना सगळ्यांनी रबरी बूट, समुद्री साळिंदर आणि स्टोनफिश म्हणजे दगडासारखा दिसणारा विषारी मासा, दोन्ही आहेत. तामारँची पहाटेची डॉल्फिन ट्रिप मी आता कोणाला देत नाही, एका कळपामागे बोटीच बोटी धावतात, त्या प्राण्यांची ती झोपायची वेळ असते. त्याऐवजी रविवारी पब्लिक बीचवर जा. सगळे बीच भरतीच्या रेषेपर्यंत सार्वजनिकच आहेत, आणि रविवारी बस भरभरून कुटुंबं येतात, बिर्याणीचे टोप, तंबू, रावान नावाची डफासारखी वाद्यं विस्तवावर तापवून सेगा म्हणजे तिथलं नाचगाणं सुरू होतं. हॉटेलच्या स्टेजवरचा सेगा बघू नका, हा बघा.

पैशांचं, काही ठिकाणी आपलं यूपीआय आणि रुपे चालतं, २०२४ पासून सुरू आहे, पण दाल पुरीच्या गाडीवर रोखच. विमानतळावर थोडे बदलून घ्या, सुट्टे ठेवा. भारतीय पासपोर्टला व्हिसा आधी काढावा लागत नाही, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि निघण्यापूर्वी भरलेला ऑनलाइन फॉर्म, तिन्हीची प्रिंट सासूबाईंच्या पर्समधे वेगळी द्या, रांगेत कधी वेगळं उभं राहावं लागतं.

परतीची तारीख हातात असेल तर विमान सोमवारी दुपारनंतरचं किंवा मंगळवारचं घ्या, कारण माहेबूरचा बाजार सोमवारचा. भाज्या, सुके मसाले, कपडे, आणि बाजाराच्या कडेला गरम गातो पिमां. गावाबाहेर नदीपलीकडे १८७० पासूनची कसाव्याच्या बिस्किटांची बेकरी आहे, अजून हाताने पीठ पसरून तव्यांवर भाजतात, आत घेऊन दाखवतात आणि चहाबरोबर चाखायला देतात. सासूबाईंसाठी घेताना पाकिटावरचं वाचून घ्या. तिथून विमानतळ पंधरा-वीस मिनिटांवर, वाटेत पेट्रोल भरा, गाडी परत करतानाही व्हिडिओ काढा आणि डिपॉझिट सोडल्याचा कागद हातात घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

तारखा पक्क्या झाल्या की त्या आणि तुमच्यातलं कोण चालवणार ते कळवा, दोघंही चालवणार असाल तर दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव बुकिंगमधेच टाकावं लागतं.